निशिगंधाच्या पानावरची रेघ

जानेवारी सरत आला की मावळात गुलाबाची धांदल उडते. पवनानगर, वडगाव, तळेगाव दाभाडे या पट्ट्यातल्या पॉलिहाऊसमध्ये चौदा फेब्रुवारीचा हिशेब धरून दांड्या तोडल्या जातात, लांबीप्रमाणे निवडल्या जातात, शीतगृहात उभ्या राहतात आणि खोक्यांत बसून मुंबईच्या विमानतळाकडे निघतात. शेतकरी मावळचा, मजूर मावळातला, पाणी पवनेचं. वाणाचं नाव मात्र विचारावं तर 'टॉप सिक्रेट', 'गोल्ड स्ट्राइक', 'ॲव्हलांच'. फूल आपल्या मातीतलं, त्याचं कूळ परदेशातलं.

याच तालुक्यात वडगावला भाताचं कृषी संशोधन केंद्र आहे. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून तिथे तयार झालेला 'इंद्रायणी' १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि पुण्या-मुंबईच्या घरांत पोचला. वास आंबेमोहराचा, उतारा त्याहून बरा. मग फुलांच्या बाबतीत असा एखादा इंद्रायणी का निघाला नाही? प्रयत्न झाले नाहीत असं मुळीच नाही. निशिगंध आणि ग्लॅडिओलस या कंदवर्गीय फुलांवर तर आपल्या देशात थेट अणुऊर्जेचा प्रयोग झाला. ती गोष्ट सुरू होते हॉलंडमध्ये, आणि तिचा एक फाटा अखेर मावळात येऊन पोचतो.

कंदावर वाढणाऱ्या फुलझाडांची एक अडचण आहे. ट्युलिप, हायसिंथ, ग्लॅडिओलस, निशिगंध यांची लागवड बियांपासून कोणी करत नाही. मूळ कंदाला पिल्लं फुटतात, ती वेगळी करून लावायची. त्यामुळे आई आणि लेक यांत तसूभर फरक नसतो. व्यापाऱ्याला हे हवंच असतं. नवं काही घडवू पाहणाऱ्याची मात्र पंचाईत होते. बी धरून संकर करायचा म्हटला तर ट्युलिपचं बी पेरल्यापासून पहिलं फूल दिसायला पाच-सात वर्षं जातात, आणि त्यातून निवड करून बाजारात भरपूर कंद आणेपर्यंत दोन दशकं. म्हणून डच बागाईतदार शतकानुशतकं निसर्गाच्या लहरीकडे डोळे लावून बसलेले असत. हजारो सारख्या झाडांत एखाद्याच्या फुलाला अचानक वेगळा रंग येई, पाकळी कातरल्यासारखी होई. तो कंद बाजूला काढायचा, जपायचा, वाढवायचा. सतराव्या शतकात ज्या पट्टेदार ट्युलिपांपायी डच व्यापाऱ्यांनी घरंदारं पणाला लावली, त्यांचे पट्टे मात्र या प्रकारातले नव्हते. ते विषाणूचे होते. हे १९२८च्या सुमारास इंग्लंडमध्ये डोरोथी केली या बाईंनी दाखवून दिलं. रोगट कंद आणि निरोगी कंद यांचे तुकडे एकमेकांना जोडले की पट्टे दुसऱ्यात उतरत. म्हणजे माणसं चढ्या भावाने विकत घेत होती तो एक आजार होता.

खरा, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा बदल म्हणजे उत्परिवर्तन. ही कल्पना ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ पासून ठामपणे मांडली. निसर्ग असे बदल घडवतो तर आपणही ते घडवावेत, त्यासाठी नव्याने हाती आलेले क्ष-किरण वापरून पाहावेत, असं त्याने १९०४ साली सुचवलंही होतं. त्याच्याच देशातल्या विलेम द मोल याने १९२२ पासून हायसिंथ आणि ट्युलिपचे कंद क्ष-किरणांखाली धरायला सुरुवात केली. उत्परिवर्तनशास्त्राच्या इतिहासात मान मिळतो तो हर्मन मलरला. त्याने १९२७ साली फळमाशीवर प्रयोग करून किरणांनी आनुवंशिक बदल होतात हे निर्विवाद सिद्ध केलं आणि १९४६ साली नोबेल मिळवलं. मान योग्यच आहे. पण माशीची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते. ट्युलिप घेऊन बसलेल्या माणसाला वर्षाकाठी एकच हंगाम मिळतो. द मोल तीस वर्षं हे काम करत राहिला आणि १९५० नंतर त्याने त्या तीस वर्षांचा आढावा लिहिला, तोही एका जपानी नियतकालिकात. क्ष-किरणांतून निघालेला 'फॅरेडे' हा ट्युलिप दुसऱ्या महायुद्धाच्या मागेपुढे बाजारात आला. किरणांनी घडवून विक्रीला आलेल्या पहिल्या फुलांत त्याची गणना होते.

महायुद्धानंतर किरणांचं गणितच पालटलं. क्ष-किरणांचं यंत्र दवाखान्यात असे, तिथे कंद घेऊन जावं लागे. आता अणुभट्ट्यांतून कोबाल्ट-६० मुबलक मिळू लागला. हा धातू एकदा भट्टीतून काढला की वर्षानुवर्षं गॅमा किरण टाकत राहतो. त्याची ताकद निम्मी व्हायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शांततेसाठी अणूची घोषणा केली. १९५५ साली जिनिव्हात त्या विषयावर जी जागतिक परिषद भरली तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. पुढच्याच वर्षी मुंबईत तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी चालू झाली. हिरोशिमाची बदनामी धुऊन काढायची तर अणूने भाकरी आणि फूल दोन्ही दिलं पाहिजे, असा त्या काळाचा एकूण सूर होता. देशोदेशी 'गॅमा बाग' नावाचा प्रकार निघाला. मधोमध कोबाल्टचा स्तंभ, भोवती वर्तुळांत लावलेली झाडं, आणि माणसं आत जायच्या आधी तो स्तंभ जमिनीखालच्या शिशाच्या पेटीत उतरवायचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अशी बाग १९६० साली उभी राहिली. तिथे एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी काम करत होते.

आपल्याकडे या तंत्राचे पहिले बोलबाला झालेले विजय धान्यात आणि तेलबियांत मिळाले. मेक्सिकोहून आलेल्या 'सोनोरा ६४' गव्हाचा दाणा लालसर, पोळी खाणाऱ्यांना तो रुचेना. किरणांचा मारा करून त्याचा दाणा पिवळसर केला, तो 'शरबती सोनोरा'. तुर्भ्याला डॉ. एस. एच. पाटील यांनी भुईमुगावर केलेल्या कामातून १९७३ साली 'टीजी-१' आला, आणि त्याच परंपरेतला 'टॅग-२४' पुढे महाराष्ट्राच्या शेतांत घरचा झाला. शेंगा किती, दाणा किती, तेल किती, हे सगळं मोजता येतं. फुलाचं काय मोजायचं?

या प्रश्नाला लखनौने हात घातला. सिकंदरबागेतलं राष्ट्रीय वनस्पती उद्यान १९५३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आलं होतं. तिथे एम. एन. गुप्ता यांनी १९६०च्या दशकात शोभेच्या झाडांवर गॅमा किरणांचं काम हाती घेतलं. शेवंती, बोगनवेल, गुलाब यांच्या जोडीला निशिगंधही घेतला. निशिगंधाची निवड विचारपूर्वक होती. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून आपल्याकडे आलं आणि गुलछडी या नावाने हारांत, वेण्यांत, लग्नमंडपांत इतकं रुळलं की परकं वाटेना. पण त्याचे प्रकार मोजून दोन-चार. एकेरी पाकळ्यांचा सुवासिक 'सिंगल' आणि भरगच्च 'डबल', एवढ्यावर देशभराचा धंदा चालला होता. डबलमध्ये बी जवळपास धरतच नाही. जिथे संकराची वाट अशी अडलेली, तिथे किरणांचीच वाट उरते, असा त्यामागचा विचार.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. सुप्तावस्थेतले, एकाच मापाचे कंद निवडायचे. शिशाने मढवलेल्या जाड पिंपासारख्या यंत्राच्या पोटात कोबाल्टच्या सळ्या असतात. कंदांची पुडी त्यातल्या छोट्या कप्प्यात ठेवली की कप्पा खाली सरकतो, ठरलेला वेळ थांबतो आणि वर येतो. कंद बाहेर काढला तर डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. तो गरम होत नाही, किरणोत्सारीही होत नाही, बिनधास्त हातात घ्यावा. बदल झालाच असेल तर तो आतल्या कोंबाच्या टोकाशी, मूठभर पेशींत. सगळं कौशल्य मात्रेत आहे. मात्रा फार कमी पडली तर काहीच घडत नाही, थोडी जास्त झाली तर कंद जमिनीतच मरतो. मात्रा ग्रे या एककात मोजतात; अशा काही दहा ग्रेंच्या अरुंद पट्टीत हा सारा खेळ चालतो. आणि गंमत अशी की, २००२ साली लासलगावला सुरू झालेल्या किरण केंद्रात कांद्याला साधारण त्याच पट्टीतली मात्रा देतात, ती कांद्याला मोड येऊ नये म्हणून! कांदाही कंदच. तिथे कोंब मारायचा असतो, इथे तो अर्धमेला करून जगवायचा असतो.

जमिनीत लावलेल्या शेकडो कंदांतून मग एखाद्याचं पान वेगळं निघतं. लखनौला असे दोन निघाले. एकेरी निशिगंधाच्या पानावर मधोमध रुपेरी पांढरी रेघ उमटली, तो झाला 'रजतरेखा'. दुहेरीच्या पानांच्या कडांना सोनेरी पिवळ्या रेघा आल्या, तो 'स्वर्णरेखा'. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली पंतनगरच्या परिसंवादात हे काम मांडलं. कोबाल्टने निशिगंधाला दिलेलं हे देणं खरं, टिकाऊ आणि दिसायला देखणं होतं.

पण ते पानावर होतं. इथेच सगळी गोम आहे. निशिगंधाची शेती दोन तऱ्हेने विकली जाते. सुटी फुलं वजनावर, म्हणजे हारवाल्याला. आणि दांडी नगावर, म्हणजे गुच्छवाल्याला. दोन्हींत पान शेतातच राहतं. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे काट्यावर पडतं ते फूल, आणि तिथे पानावरच्या रेघेला दमडीचंही मोल नाही. रजतरेखा कुंडीत शोभली, बंगल्यांच्या वाफ्यांत शोभली. शेतकऱ्याने ती लावावी असं काही तिच्यात नव्हतं. शास्त्रज्ञांना दोष देणं सोपं आहे, पण रेघ त्यांनी मागितली नव्हती. किरणं कुठे लागतील हे कोणाच्या हातात नसतं. पानातला हरितद्रव्याचा बिघाड आधी दिसतो, सहज दिसतो, म्हणून तोच हाती लागतो. वास वाढला का, फूल जड झालं का, दांडी दोन दिवस जास्त टिकते का, हे बदल डोळ्याला दिसत नाहीत. ते शोधायचे तर हजारो झाडं, बरीच वर्षं आणि बाजाराशी रोजचं बोलणं लागतं. आपल्याकडे कमी पडलं ते हे तिसरं, असं मला वाटतं.

दुसरी अडचण कंदाच्या घडणीतच होती. कोंबाच्या टोकाला पेशींचे थर असतात. किरणांनी त्यांतल्या एखाद्याच थरात बदल होतो, बाकीचे जुनेच राहतात. अशा मिश्र झाडाला कायमेरा म्हणतात. यंदा गुलाबी आलेलं फूल पुढच्या वर्षी त्याच कंदाच्या पिल्लाला पुन्हा लालच येतं, कारण ते पिल्लू जुन्या थरातून फुटलेलं असतं. शेवंतीत यावर तोडगा सोपा आहे. बदललेल्या फांदीची काडी काढून लावली की काही महिन्यांत निकाल हाती. म्हणूनच भारतात किरणांतून निघालेल्या शोभेच्या वाणांत शेवंतीने बाजी मारली, आणि लखनौचे एस. के. दत्त यांनी पुढे त्याच पिकावर आयुष्य वेचलं. ग्लॅडिओलसच्या बारीक कंदुल्यांना फुलावर यायलाच दोन-तीन हंगाम लागतात. हॉलंडमध्ये वाखेनिंगनच्या ब्रुर्च्येस यांनी एक युक्ती रूढ केली. पानाच्या किंवा कंदाच्या पाकळीच्या तुकड्यावर किरणं टाकायची आणि त्यातून नवे कोंब फुटू द्यायचे. असा कोंब बहुधा एकाच पेशीतून उगवतो, म्हणजे बदल असलाच तर पुरा असतो. लिली, हायसिंथसारख्यांना ही युक्ती लागू पडली.

आपल्याकडे ग्लॅडिओलसमध्ये नाव घ्यावं असं यश बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याला मिळालं. तिथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'वाइल्ड रोझ' या वाणाला एक किलोराड, म्हणजे दहा ग्रे गॅमा किरण देऊन फिकट गुलाबी रंगाची 'शोभा' मिळवली. त्याच संस्थेत निशिगंधावर मात्र संशोधक जुन्याच वाटेने गेले, आणि तीच वाट लाभली. डबलमध्ये बी धरत नसलं तरी त्याचे पराग कामाचे होते. सिंगलला आई करून 'शृंगार' आणि 'सुवासिनी' हे संकर निघाले, आणि शृंगार व मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून 'प्रज्वल'. प्रज्वलची कळी किंचित गुलाबी, फूल मोठं आणि वजनदार. काट्यावर पडणारी गोष्ट! शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागली नाही.

महाराष्ट्रात फुलांच्या नव्या वाणांचं काम पुण्याच्या गणेशखिंडीत चालू होतं. तिथली बाग १८७३ सालची, गव्हर्नरच्या बंगल्याशेजारची. तिची देखरेख करणारे जी. मार्शल वुड्रो पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि हिंदुस्थानातल्या बागकामावरचं त्यांचं पुस्तक तेव्हा प्रमाण मानलं जाई. सह्याद्रीतल्या एका देखण्या रानटी कंदाला क्यू वनस्पती उद्यानातल्या बेकरने त्यांचंच नाव दिलं, 'क्रायनम वुड्रोई'. पुढे याच जागेवर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात अखिल भारतीय समन्वित पुष्प सुधार प्रकल्प आला. ग्लॅडिओलसचे 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा', 'फुले नीलरेखा', 'फुले तेजस', आणि निशिगंधाचा 'फुले रजनी' हे या विद्यापीठाचे वाण.

मग मावळ या गोष्टीत येतो कुठे? पावसामुळे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास. या उतारावर रानातले कंद मजेत राहतात. कळलावी, रानकांदा, फोडशी पहिल्या पावसासरशी वर येतात. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्पॅनिश पाद्री हर्मनहिल्ड सांतापाव यांनी वर्षानुवर्षं खंडाळ्याचे डोंगर पालथे घालून १९५३ साली तिथल्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही दौलत नोंदलेली आहे. लागवडीच्या निशिगंधाला मात्र ओले पाय चालत नाहीत, त्याचा कंद सडतो. म्हणून निशिगंध पूर्वेला कोरड्या पुरंदर-दौंडकडे राहिला आणि मावळात भात. फुलाला मावळात यायचं तर डोक्यावर छप्पर हवं होतं.

ते छप्पर धोरणाने आणलं. १९८८च्या नव्या बियाणे धोरणाने फुलांची बियाणी, कंद आणि कलमं परदेशातून आणायची मुभा दिली. १९९१च्या उदारीकरणानंतर निर्यातीसाठी फुलशेती करायचे मोठमोठे प्रकल्प पुण्या-बंगळूरभोवती उभे राहिले. दशक संपेपर्यंत त्यांतले बरेच आजारी पडले. काचघर आणि पॉलिहाऊस महागडं, विमानभाडं जबर, कर्जावरचं व्याज त्याहून. टिकला तो मागून आलेला छोटा शेतकरी. दहा-वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस, घरची माणसं, आणि निर्यातीला भाव नसेल तेव्हा दादर आणि दिल्लीचा बाजार. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मावळ विमानतळाच्या टप्प्यात आला. तळेगावला औद्योगिक विकास महामंडळाचं फ्लोरिकल्चर पार्क झालं. राज्य कृषी पणन मंडळाच्या तिथल्या संस्थेत पॉलिहाऊस कसं बांधायचं, ठिबकमधून खत किती द्यायचं, डोळा कुठे छाटायचा याचे वर्ग चालू लागले. हजारो शेतकरी तिथून शिकून गेले.

शिकले ते वाढवायला. पैदास शिकवणारा वर्ग त्यात नव्हता, आणि त्याची निकडही कोणाला भासली नाही. रोप तयार मिळत होतं. डच पैदासकाराला रोपामागे स्वामित्वशुल्क द्यायचं, चार-पाच वर्षं तोड घ्यायची, बाजाराची आवड बदलली की नवं रोप आणायचं. हा व्यवहार तोट्याचा होता असं म्हणता येणार नाही. त्याने मावळातल्या कित्येक घरांना भाताच्या एका पिकाबाहेर काढलं. पण यामुळे प्रयोगशाळा आणि शेत यांच्यातला उरलासुरला धागाही तुटला. गणेशखिंडीतून तळेगावला तासाभरात पोचता येतं, तरी गणेशखिंडीचं फूल तळेगावच्या छपराखाली गेलं नाही. त्याची पैदास उघड्या शेतासाठी होती आणि छपराखालचा बाजार ॲमस्टरडॅमजवळच्या आल्समीरच्या लिलावाकडे पाहून रंग ठरवत होता.

वडगावच्या भातपैदासकारांना त्यांचं गिऱ्हाईक ठाऊक होतं. पुण्याच्या माणसाला ताटात आंबेमोहराचा वास हवा आणि शेतकऱ्याला पोतं भरायला हवं, या दोन मागण्या समोर ठेवून संकर झाला. किरणांच्या कामात निशिगंधाच्या बाबतीत असं कोणी विचारलंच नाही. प्रज्वलच्या बाबतीत विचारलं गेलं, आणि म्हणून पुरंदर-दौंडच्या वाफ्यांत तो उभा आहे. त्याचे कंद एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे पोत्याने जातात, मध्ये कोणाचं शुल्क नाही.

२००१ साली वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. आता देशी पैदासकारालाही आपल्या वाणावर हक्क सांगता येतो, आणि शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवण्या-देण्याचाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय दिल्लीहून पुण्याला आलं. किरणांचं कामही थांबलेलं नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. देशातल्या प्रयोगशाळांत आता सबंध कंदाऐवजी काचेच्या बाटलीतल्या ऊतींवर गॅमा किरण टाकतात. एका बाटलीत शेकडो कोंब मावतात, कायमेराची कटकट कमी होते, आणि जिथे पूर्वी एका कंदाच्या निकालाला तीन हंगाम लागत तिथे निवडीला वर्षभरात सुरुवात करता येते. निवडायचं काय, हे मात्र अजूनही बाजारात जाऊन विचारावं लागतं, आणि मार्केट यार्ड संचालनालयाच्याच शहरात आहे.